मुकी काडतुसं

१४ ऑगस्ट
कॉर्डवुड क्रीक, मोंटाना

गार्थ,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फेकणार असशील तर जरा थांब. मी गेल्या थँक्सगिव्हिंगचा विषय काढणार नाही. तू न विचारता कपाटातल्या सगळ्या बंदुका उचलून गाडीत ठेवल्यास आणि तुझ्या बापानं त्या पाहुण्यांसमोर एकेक करून परत ठेवायला लावल्या. त्यात कोण बरोबर आणि कोण चूक, ते तुम्ही बापलेक समोरासमोर बसून ठरवा. मला पंच व्हायचं नाही. मला फक्त एक सल्ला हवाय. तिकडे टूसॉनमध्ये लोक तुझ्याकडे बंदुका दुरुस्तीला आणतात, त्यांना तू सांगतोसच ना, कुठली घ्या, कुठली नको? तसंच मला सांग. गिऱ्हाईक समज.

तुझ्या बापाला चव्वेचाळीसची रिव्हॉल्वर आता झेपत नाही. मनगट धरतं. रोज सकाळी पुलापर्यंत चालायला जातो तेव्हा तीच कमरेला, आणि रविवारी खडीच्या खाणीत डबे पाडायलाही तीच. एक बार काढला की हात चोळत बसतो. म्हणून म्हटलं, हलक्या कॅलिबरची एखादी घ्यावी. पायवाटेवर जवळ बाळगायला आणि डबे पाडायला, दोन्हीला एकच.

डेल्बर्ट रूपच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन आले. तुला ठाऊकच आहे, तिथे एक प्रश्न विचारला की सात उत्तरं मिळतात आणि वर कडू कॉफी.

"बावीस घे, आर्डिस," डेल्बर्ट म्हणाला. "ना आवाज, ना धक्का. दिवसभर डबे पाडत बसा दोघं."

"आणि वाटेत अस्वल आलं तर?"

"बावीसनं अस्वल मरत नाही. फक्त त्याला तुझा पत्ता कळतो."

दुकानभर हशा पिकला. मीही हसले. मग गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

डेल्बर्टचं शेवटचं म्हणणं असं की तीनशे सत्तावन्न घ्यावी. तिच्यात अडतीसची काडतुसंही चालतात म्हणे. वाटेवर जाताना सत्तावन्नची भरायची, खाणीत अडतीसची. एका दगडात दोन पक्षी. तुझा बाप मात्र ऐकेल असं वाटत नाही. त्याचं एकच तुणतुणं: "जेवढ्या मोठ्यानं नेम लागतो तेवढी मोठी घ्यावी, आणि जी घरी राहिली ती शून्य कॅलिबरची."

तर तू सांग. आणि आणखी एक, सहज विचारते. चुकून कुणाला गोळी लागलीच तर माणूस वाचेल, असं एखादं कॅलिबर असतं का रे?

फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि हल्ली वाजला की तुझा बापच धावतो. पत्र ट्वायलाच्या पत्त्यावर टाक. शेजारीण म्हणून एवढं करते ती, आणि फोडून वाचतही नाही. निदान तसं म्हणते.

हकलबेरी यंदा भरपूर आल्यात. पिकल म्हातारा झाला, पण अजून खारीवर भुंकतो.

आई

२ सप्टेंबर

गार्थ,

तुझं उत्तर आलं. त्याला पत्र म्हणावं का, हा प्रश्नच आहे. "तीनशे सत्तावन्न. चार इंची नळी. पोलादी घे, हलक्या धातूची फार लाथ मारते. अडतीसची काडतुसं भर." ना 'प्रिय आई', ना 'कशी आहेस'. दुकानाच्या पावतीवरसुद्धा 'आभार' असतं. तरी मी ते चारदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, रागावल्यासारखं उजवीकडे कललेलं.

खाली एक ओळ आहे, "माणूस वाचेल असं कॅलिबर नसतं. का विचारतेस?" सहज विचारलं होतं. सोड.

तू सांगितलीस तशीच घेतली, वापरलेली, पण चांगली. घरी येऊन टेबलावर ठेवली. तुझ्या बापानं उचलली आणि उचलताक्षणी गोळ्यांची चक्री बाहेर पाडून आत पाहिलं, भरलेली आहे की रिकामी. आठवतं ना तुला? 'उचललं की उघडायचं.' दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात नेईपर्यंत दोनदा उघडायला लावायचा तुला. ट्वायलाच्या भाच्याची पाण्याची पिचकारी हातात आली तेव्हा तीसुद्धा उघडायला निघाला होता, पोरगं रडायला लागलं.

"कुणाची आहे ही?" त्यानं विचारलं.

"तुझी."

"माझी चव्वेचाळीस आहे."

"अरे, तुझ्या मनगटासाठी. हलकी."

"माझ्या मनगटाला काय झालंय?"

मनगट त्यानं पुढे केलं, फिरवून दाखवलं.

रविवारी खाणीत गेलो. अडतीसची काडतुसं भरून मी त्याच्या हातात दिली. गार्थ, तू तिथं असायला हवा होतास. बीन्सचे सगळे रिकामे डबे त्यानं ओळीनं उडवले, एकही चुकला नाही, आणि शेवटचा हवेत असताना दुसऱ्यांदा उडवला. वर माझ्याकडे वळून डोळा मारला. त्या तासाभरात तो अगदी पूर्वीचा होता, डोंगरातल्या वाटा बांधायच्या कामावर खेचरांच्या तांड्यामागे शिट्टी वाजवत चढणारा. मला म्हणाला, "तू अजून चाप ओढताना डोळे मिटतेस, म्हातारे. लग्नापासून सांगतोय." मी म्हटलं, "डोळे मिटले म्हणूनच तुझ्याशी लग्न झालं." तो इतका हसला की खोकला आला.

घरी येऊन त्यानं कॉफी केली आणि पिकलच्या ताटलीत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळून टेबलावर होती. "पाहुण्यांची वस्तू राहिलीय," म्हणाला. "बिचारे शोधत असतील. देऊन ये." आणि चव्वेचाळीसचा पट्टा बांधून वाटेला लागला. मी बूट घालेपर्यंत फाटकाबाहेर गेलासुद्धा. मी मागून पळाले. रोज पळते. मला गुडघे आहेत याचा त्याला विसर पडलाय, इतर गोष्टींसारखाच.

एकदा ये ना. कामासाठी म्हणून ये. डेल्बर्टच्या दुकानात काहीतरी दुरुस्तीला असेलच.

आई

१९ सप्टेंबर

गार्थ,

काल तू फोन केलास. करू नकोस म्हटलं होतं, तरी केलास, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. पण उचलला त्यानं. मी ओल्या हातानं धावले तोवर तो अगदी प्रेमानं सांगत होता, "गार्थ ना? तो शाळेत गेलाय. चारच्या बसनं येईल. काय निरोप देऊ?" आणि मग थोडं थांबून, "तुमचं नाव काय म्हणालात?"

तू फोन ठेवलास. मी तुला दोष देत नाही. मीही ठेवला असता. पण त्यानंतर मी तीनदा लावला आणि तू उचलला नाहीस, त्याचा दोष मात्र देते.

आता खरं सांगते. मनगटाची गोष्ट खोटी होती. त्याचं मनगट तुझ्या-माझ्यापेक्षा धड आहे.

जुलैमध्ये एका सकाळी मी हकलबेरीची बादली घेऊन मागच्या बाजूनं घरी येत होते. तो पडवीत उभा होता. चव्वेचाळीस हातात होती आणि नळी माझ्या छातीकडे. हात जराही हलत नव्हता, गार्थ. "बाई, तिथंच थांबा," म्हणाला. "कोण तुम्ही? माझी बायको घरात एकटी आहे." मला माझ्यापासूनच वाचवत होता रे तो. मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "मी बेरी विकायला आलेय." दुसरं काही सुचलंच नाही. तो म्हणाला, "बायकोला विचारतो," आणि दार उघडून आत हाक मारली, "आर्डिस!" मी बाहेरून ओ दिली. तो वळला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, इथं काय करतेस? एवढ्या बेऱ्या! पाय दुखतील ना." रिव्हॉल्वर पट्ट्यात ठेवली आणि बादली आत नेली.

म्हणून तुला कॅलिबर विचारत होते. मला वाटलं, लहान गोळी असेल तर लागली तरी मी जगेन. वेडी झालेय मी. आता तरी कळलं ना का विचारत होते?

तू म्हणशील, काढून घे. घेतली. बाकीच्या सगळ्या बंदुका आणि गोळ्यांचे डबे, तुझी ती सत्तावन्नसुद्धा, ट्वायलाच्या तळघरात नेऊन ठेवल्या. त्याच्या लक्षातही आलं नाही. मग या महिन्याच्या सुरुवातीला चव्वेचाळीसही नेली. त्यानं आख्खं घर उपसलं. गाद्या उलटल्या, चुलीतली राख बाहेर काढली. खुंटीवरचा रिकामा पट्टा हातात घेऊन माझ्याकडे असा पाहायचा, जणू मी त्याचा हातच लपवून ठेवलाय. शेवटी माझी नजर चुकवून ती शोधायला डोंगरावर एकटाच गेला. पुलाकडच्या वाटेचा दगडन् दगड त्यानं स्वतः बसवलाय म्हणून आपण निर्धास्त, पण तो वाटेवर नव्हताच. ट्वायलाच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सापडला, खेचरवाल्यांच्या जुन्या तळावर, एका पायात बूट नाही, थंडीनं निळा पडलेला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "सापडली का गं?"

मी त्याच दिवशी ती परत आणली. पट्टा कमरेला असला की तो पुलापर्यंत जातो, पाणी पाहतो आणि वळतो. पट्टा नसला की कुठेही जातो. आता तूच सांग यातून कसा मार्ग काढू. तू दिवसभर लोकांच्या बंदुका नीट करतोस, मग माझी ही एक नीट करून दे.

मला भीती वाटते, गार्थ. त्याच्यामागून चालताना त्याच्या कमरेकडे बघत चालते. मधेच वळला की बाजूच्या झाडाकडे सरकते. इतकी वर्षं ज्याच्या कुशीत झोपले त्याची मला भीती वाटते, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

ये. हात जोडते.

आई

६ ऑक्टोबर

गार्थ,

तुझं पत्र मिळालं. निदान या वेळी 'प्रिय आई' होतं. म्हणतोस, त्याला गावातल्या वृद्धांच्या आश्रमात ठेव, तो तिथे गेला की मी येतो. म्हणजे बाप घराबाहेर पडल्यावर मुलगा घरात येणार. छान. दोघांनी मिळून ठरवल्यासारखंच आहे.

चिडून लिहिलं, खोडत नाही. पण आश्रमात जाऊन आले. एक तारखेला खोली रिकामी होतेय. खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो. मी हो म्हटलंय.

तोवर काय, म्हणून मी एक गोष्ट केलीय. ती सांगण्यासाठी हे पत्र.

आमचं नवं लग्न झालं तेव्हा तुझा बाप मला नेमबाजी शिकवायचा. मी धक्क्याला इतकी घाबरायचे की बार निघायच्या आधीच नळी खाली पडायची. मग त्यानं याच चव्वेचाळीसची मुकी काडतुसं घरीच केली. झाडलेल्या नळकांड्या, आत दारू नाही, पुढे नवी गोळी बसवलेली. पुढून बघितलं तर भरलेलीच वाटतात. मागून बघितलं तर बुडाच्या ठिणगीच्या टिकल्या चेपलेल्या, कारण त्या कधीच फुटून गेल्यात. माझ्याकडे पाठ करून तो चक्रीत थोडी जिवंत आणि थोडी मुकी भरायचा, कुठली कुठे ते मला कळू द्यायचा नाही. मुक्यावर चाप ओढला की बार निघायचा नाही, पण माझी नळी मात्र खाली झुकायची आणि माझी भीती उघडी पडायची. "बघ," म्हणायचा, "बंदुकीनं काहीच केलं नाही. सगळं तूच केलंस." मी त्याला खडे मारायचे.

तो डबा शिवणाच्या पेटीत अजून होता. तुझा बाप अंघोळीला गेला असताना मी चव्वेचाळीसमधली सहाही जिवंत काढली आणि मुकी भरली. वजन जवळजवळ सारखंच. घाईत एक काडतूस फरशीवर पडलं आणि पिकलनं तोंडात घेतलं. जिवंत काडतुसं ट्वायलाकडे गेली.

त्याला कळणार नाही. माझं नाव सकाळी कधीकधी त्याला आठवत नाही, चमचा कशासाठी असतो ते आठवत नाही. पट्टा तो पडवीत बांधतो, मी आत बूट घालत असते, आणि हाक मारतो, "चल." अगदी पूर्वीसारखा.

फरक एवढाच की आता अस्वलं थंडीआधी चरबी चढवायला खाली उतरलीत, आणि आम्ही दोघं रोज जंगलात जातो ते कमरेला लोखंडाचा तुकडा लावून. माझ्या हातात तो मिरचीचा फवारा असतो, तू दिलेला. तारीख उलटून गेलीय त्याची. आता मी त्याच्या कमरेकडे बघत चालत नाही, झुडपांकडे बघत चालते. तरी रात्री झोप लागते. त्यानं मला मारण्यापेक्षा अस्वलानं मारलेलं मला चालेल. त्याला नंतर कळलं असतं ना, की त्यानं काय केलं. हेच मला सहन होत नव्हतं.

मी त्याला फसवतेय. जन्मात त्याला कधी फसवलं नाही, आता रोज सकाळी फसवते.

आई

१७ ऑक्टोबर

गार्थ,

आम्ही दोघं जिवंत आहोत, आधी हे वाच.

आज पुलाच्या अलीकडच्या वळणावर अस्वल होतं. करडी मादी आणि मागे पिल्लू. वारा आमच्याकडे येत होता म्हणून तिला वास लागला नाही आणि आम्हाला ती दिसली तेव्हा आपल्या अंगणाएवढंच अंतर उरलं होतं. ती मागच्या पायांवर उभी राहिली. फवारा हातात होता आणि हात आहे हेच मला आठवेना.

तुझा बाप माझ्यापुढे जाऊन उभा राहिला. पट्ट्याकडे हात नेला नाही. दोन्ही हात पसरले, जसा तू लहानपणी दारात उभा राहून कुणाला जाऊ द्यायचा नाहीस तसा. आणि खेचरांशी बोलायचा त्या हळू आवाजात म्हणाला, "हां बाई, हां. वाट तुझीच आहे. आम्ही चाललो." मग मान न वळवता, त्याच आवाजात, "आर्डिस, फवारा काढ. पिन ओढ. माझ्याकडची मुकी आहेत."

मी ऐकलं. ऐकलं आणि पिन ओढली. मादी धावून आली. मी दाबला. लाल ढग उठला, अर्धा तिच्या तोंडावर, अर्धा वाऱ्यानं आमच्या. ती शिंकत, फुत्कारत पिल्लाला घेऊन खाली नाल्यात उतरली. आम्ही वाटेवरच बसलो आणि लहान मुलांसारखे रडलो, मिरचीनं. मी नुसती मिरचीनं नाही.

मग मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काय?"

"काडतुसं."

"आज सकाळी, पट्टा बांधताना. उचललं की उघडायचं असतं, आर्डिस. पोराला एवढं शिकवलं, तू अजून शिकली नाहीस." डोळे पुसत होता, पण स्वर चिडवायचा होता. "टिकल्या चेपलेल्या आहेत. मीच केलेली आहेत ती, मला ओळखू येणार नाहीत?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू भरली असशील तर कारण असेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुला काही केलं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"केलं असणार. तू उगाच असं करणारी नाहीस."

"नाही रे, लेलँड. काही नाही केलंस."

त्यानं माझा हात हातात घेतला. मिरची लागलेला, झोंबला असणार. "भरलेली असती तर तू माझ्याबरोबर आली नसतीस," तो म्हणाला, "एवढं मला अजून कळतं. मग मुकीच बरी."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ओरडून रडले. जंगलात कोण ऐकतंय! तो पाठीवर थोपटत होता आणि म्हणत होता, "गेली ती, गेली." त्याला वाटलं मी अस्वलाला घाबरून रडतेय.

संध्याकाळी जेवताना त्यानं विचारलं, "तुझे डोळे का लाल झालेत?" अस्वल त्याच्या डोक्यातून गेलं होतं. पूल, फवारा, आमचं बोलणं, सगळं गेलं होतं.

मी सूप वाढत होते. डाव हातातच राहिला. गार्थ, तुझ्या लक्षात येतंय का? त्यानं 'आज सकाळी' कळलं म्हणून सांगितलं. त्याला कालचं आठवत नाही. कालही त्यानं उघडून पाहिलं असेल. परवाही. मी भरली त्या दिवसापासून रोज.

उद्या बघणार आहे मी. आत बूट घालत बसणार नाही.

आई

१८ ऑक्टोबर

गार्थ,

हे घाईत लिहितेय, तो अजून बाहेर पायरीवर आहे.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिले. तो पडवीत आला. खुंटीवरून पट्टा काढला, रिव्हॉल्वर उचलली, चक्री पाडली आणि उजेडाकडे धरली. चेहरा पाहिला मी त्याचा. त्याला नव्यानं कळलं. अगदी नव्यानं, पहिल्यांदाच कळावं तसं. अंगठा एकेका टिकलीवरून फिरवला. मग पायरीवर बसला, रिव्हॉल्वर मांडीवर, आणि आठवायचा प्रयत्न करत होता. मला ठाऊक आहे तो काय आठवत होता. मी तिला काय केलं? ओठ हलत होते. पिकल जवळ आला तर त्याला विचारल्यासारखं बघितलं.

मग त्यानं खिडकीकडे पाहिलं. मी खाली बसले, भिंतीला टेकून, तोंडात एप्रनचा बोळा कोंबला.

मी त्याला फसवत नव्हते रे. एक दिवसही नाही. तोच मला सांभाळत होता, रोज सकाळी, न आठवणाऱ्या गुन्ह्याची शिक्षा आपणहून कमरेला बांधून.

आश्रमाला मी आज कळवते, माझा मुलगा येईपर्यंत थांबा. खोली गेली तर जाऊ दे. कदाचित शेवटी तिथेच जावं लागेल, मला ते कळतं, माझ्यात आता बळ नाही आणि बर्फ दारात आहे. पण ते मी एकटीनं ठरवणार नाही. तू ये. आधी त्याच्याबरोबर एकदा पुलापर्यंत चाल. तो तुला ओळखणार नाही. पाहुणा समजेल, वाटेतला प्रत्येक दगड कुणी बसवला ते सांगेल. ऐकून घे. मग आपण दोघं बसून ठरवू. येताना कुठलीही बंदूक आणू नकोस, मला आता कुठलंच कॅलिबर नको. नवा फवारा तेवढा आण.

आत्ता चक्री मिटल्याचा आवाज आला, हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. पट्ट्याचं बक्कल लागलं. आणि आता हाक मारतोय, अगदी नेहमीच्या आवाजात, काही झालंच नाही अशा आवाजात.

"आर्डिस, आवरलं का? चल, ऊन आलंय."

जाते मी.

आई